तुम्ही विचारलंत म्हणून: परक्या राजांच्या सोयरिकी

"बाई, त्या पोर्तुगालच्या राजांचं तुम्हाला एवढं काय हो?"

शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण जुना विद्यार्थी भेटला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत शेजारची पाहुणी विचारते, एसटीत मागच्या सीटवरून कुणीतरी विचारतं. एकदा दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझं तोंड उघडं असताना. कुणाला नुसतं कुतूहल असतं, कुणाच्या स्वरात तक्रार असते: घरचे राजे कमी पडले का? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

मी रेवदंड्याची. आमची नारळी-पोफळीची वाडी किल्ल्याच्या आत, म्हणजे पोर्तुगीजांचा तट हेच आमचं कुंपण. तिथल्या दगडात एक ढाल कोरलेली आहे, ढालीत पाच लहान ढाली, वर मुकुट. ताटात वाट्या मांडाव्यात तशी दिसते, म्हणून आम्ही पोरं तिला "राजाचं ताट" म्हणायचो. कुठल्या राजाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे वाचनात आलं की 1521 साली निजामशाहाच्या परवानगीने हा किल्ला बांधायला घेतला, तेव्हा पोर्तुगालच्या गादीवर पहिला मानुएल होता आणि त्याच वर्षी तो वारला. मी त्या मानुएलला शोधायला गेले आणि अडकले. लढायांत नव्हे, लग्नांत.

त्याचा दोष आमच्या आजीचा. आजी लग्नं जुळवायची. अष्टागरातल्या कुठल्या घरात कुठली मुलगी दिली, तिची मावशी कुठे, नणंद कुठे, कुणाचा मामा कुणाचा साडू, सगळं तिला तोंडपाठ. माणसाचं नाव ती विसरायची, नातं कधी नाही. लोक मला विचारतात, एवढे जुआंव, आफोंसो, फिलिप लक्षात कसे राहतात? आकड्यांनी राहतच नाहीत. दुसरा जुआंव, तिसरा जुआंव असं घोकायला गेलात तर दोन दिवसांत घोटाळा. आजीच्या पद्धतीने धरलं की पक्कं बसतं.

तर मानुएलची गोष्ट तिच्या पद्धतीने.

हा खरं तर राजा व्हायचाच नव्हता. धाकटं पोर, वर भाऊ. त्याची बहीण लिओनोर दुसऱ्या जुआंव राजाला दिलेली, म्हणजे राजा त्याचा मेव्हणा आणि चुलतभाऊही. या मेव्हण्याने 1484 साली मानुएलच्या थोरल्या भावाला, दियोगोला, कटाच्या संशयावरून स्वतःच्या हाताने भोसकलं. बायकोच्या सख्ख्या भावाला! मानुएल तेव्हा पंधरा वर्षांचा. भावाची सरदारकी त्याला मिळाली. तो गप्प राहिला. पुढे 1491 मध्ये राजाचा एकुलता औरस मुलगा आफोंसो घोड्यावरून पडून गेला. राजाला आपला अनौरस मुलगा गादीवर हवा होता, राणीने जुमानलं नाही. 1495 मध्ये राजा वारला आणि गादी मानुएलकडे आली. इतिहासात त्याला "भाग्यवान" म्हणतात. एवढ्या तिरड्या उचलल्यावर मिळालेलं भाग्य!

आता लग्नं. त्याची पहिली बायको इझाबेल, स्पेनच्या इझाबेला-फर्डिनंड जोडीची थोरली मुलगी. ती कोण? घोड्यावरून पडून गेलेल्या त्या आफोंसोची विधवा. लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा गेला, पुन्हा लग्न नको म्हणत होती. शेवटी 1497 मध्ये लग्न झालं, पण मुलीकडच्यांची अट होती: पोर्तुगालमधून ज्यूंना घालवा. मानुएलने डिसेंबर 1496 मध्ये हुकूम काढला. मग त्याच्या ध्यानात आलं की हे लोक गेले तर पैसा आणि कसब दोन्ही जाईल. तेव्हा 1497 मध्ये त्याने बहुतेकांना जायला वाटच ठेवली नाही, जबरदस्तीने बाप्तिस्मा दिला. मुलं आईबापांपासून ओढून नेऊन बाटवली.

ही अट वाचली तेव्हा मला आमच्याकडच्या बैठका आठवल्या, मानपानावरून मोडलेल्या सोयरिकी आठवल्या. पण एका लग्नाच्या याद्यांमध्ये हजारो घरांचा धर्म लिहून घेतलेला मी दुसरा पाहिला नाही.

आणि हे लग्न टिकलं किती? एक वर्ष. ऑगस्ट 1498 मध्ये इझाबेलला मुलगा झाला, मिगेल, आणि ती त्याच दिवशी बाळंतपणात गेली. त्याच महिन्याच्या अखेरीस वास्को द गामा कालिकतहून परतीला निघत होता. म्हणजे मसाल्याची वाट मिळाली त्याच वर्षी मानुएलची बायको गेली आणि पाळण्यात कॅस्टिल, अरागॉन (ही स्पेनमधली दोन राज्यं) आणि पोर्तुगाल या तिन्ही गाद्यांचा वारस आला. हा मिगेल दोन वर्षांचाही झाला नाही. 1500 मध्ये ग्रनाडात गेला. तो जगता तर स्पेन-पोर्तुगाल तेव्हाच एका घरात गेले असते.

मानुएलने मग बायकोची धाकटी बहीण मारिया केली. तिला दहा मुलं झाली, 1517 मध्ये तीही गेली. तिसरी बायको लिओनोर ही या दोघींची भाची. तिला खरं तर मानुएलच्या मुलासाठी पाहत होते. मुलासाठी पाहिलेली मुलगी बापानेच केली. आजीला हे सांगितलं तेव्हा तिने पोफळ सोलायचा हात थांबवला आणि म्हणाली, "मेल्याला लाज नाही." एवढा नेमका अभिप्राय मला जाडजूड ग्रंथांत सापडला नाही.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी मी एवढी वर्षं यात रमले. साटंलोटं.

मानुएलचा मुलगा तिसरा जुआंव याने 1525 मध्ये स्पेनचा राजा, सम्राट पाचवा चार्ल्स, याची बहीण कातारिना केली. पुढच्याच वर्षी चार्ल्सने जुआंवची बहीण इझाबेल केली. तुझी बहीण मला, माझी बहीण तुला. आपल्याकडे हुंडा वाचावा म्हणून करतात, त्यांनी सरहद्द आणि समुद्र सांभाळायला केलं. बरं, हे नवरे-बायका आधीच मावसभावंडं, कारण जुआंवची आई मारिया आणि चार्ल्सची आई हुआना सख्ख्या बहिणी. इथवर ठीक, म्हणजे ठीक नाही, पण समजण्यासारखं. पुढच्या पिढीने तेच परत केलं. चार्ल्सचा मुलगा फिलिप याला 1543 मध्ये जुआंवची मुलगी मारिया दिली, आणि चार्ल्सची मुलगी जुआना 1552 मध्ये जुआंवच्या मुलाला. साटंलोट्यावर साटंलोटं. आते-मामे भावंडांचं लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालतं, पण इथे नवऱ्याची मामेबहीण तीच त्याची आतेबहीणही. पोप दर वेळी परवानगी द्यायचा.

या दुसऱ्या फेरीतून दोन नातवंडं आली. फिलिपला कार्लोस झाला, त्याच्या बाळंतपणात 1545 मध्ये आई गेली. आणि जुआनाला सेबास्तियांव. तुम्हा-आम्हाला पणजोबा-पणज्या मिळून आठ असतात. या दोघांना चारच होते. आणि त्या चारांतल्या दोन पणज्या बहिणी.

मी हे फळ्यावर काढायची तेव्हा वंशवृक्ष वर फांद्या पसरण्याऐवजी मिटल्या छत्रीसारखा दिसायचा. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला होता, "बाई, हे झाड नाही, हा खांब आहे." त्याला मी पैकीच्या पैकी दिले असते.

मात्र एक सांगते. हल्ली सगळ्याचं खापर रक्तातल्या लग्नांवर फोडायची चाल पडली आहे. तिसऱ्या जुआंवला कातारिनापासून नऊ मुलं झाली आणि नऊच्या नऊ त्याच्या आधी गेली, हे खरं. पण तेव्हा पाळण्यातली मुलं झोपडीतही जायची आणि महालातही. शेवटचा मुलगा 2 जानेवारी 1554 ला वारला, वय सोळा. बायको पोटुशी. अठरा दिवसांनी, 20 जानेवारीला, संत सेबास्टियनच्या सणादिवशी, मुलगा झाला. म्हणून नाव सेबास्तियांव. सगळं राज्य या मुलाची वाट पाहत होतं, त्याला "इच्छिलेला" असंच म्हणत. नवसाचं पोर म्हणा ना. आई जुआना चार महिन्यांत त्याला ठेवून स्पेनला निघून गेली, पुन्हा कधी भेट नाही. तो तीन वर्षांचा असताना आजोबा वारले आणि तो राजा झाला. वाढवलं आजी कातारिनाने.

1570-71 मध्ये निजामशाहाने चौलला, म्हणजे आमच्या रेवदंड्याच्या किल्ल्याला, आणि आदिलशाहाने गोव्याला एकाच वेळी वेढा घातला, तेव्हा हा राजा होता, सोळा-सतरा वर्षांचा. आमच्या वाडीच्या तटावर लढणारे लोक या पोराच्या नावाने लढत होते. दोन्ही ठिकाणी पोर्तुगीज टिकले. मला वाटतं, तिथेच त्याचं डोकं फिरलं असेल; हा माझा आपला तर्क. लग्न करायचं नाव काढेना, डोक्यात फक्त धर्मयुद्ध. 4 ऑगस्ट 1578 ला मोरोक्कोत अल्कासर किबीरला त्याने लढाई घेतली. त्या एका दिवसात तीन राजे मेले: हा, याच्या बाजूचा पदच्युत सुलतान आणि समोरचा सुलतान. सेबास्तियांव चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. त्याचा घात रक्ताने नव्हे, हट्टाने केला. आजी कातारिना त्याच्या सहा महिने आधी गेली होती. माझ्या आजीने फक्त एवढंच विचारलं होतं, "त्याची आजी होती का गो तेव्हा?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "सुटली."

सेबास्तियांव मेला यावर लोकांचा विश्वासच बसेना. एखाद्या धुक्याच्या सकाळी परत येईल म्हणून पिढ्यानपिढ्या वाट पाहिली, "मीच तो" म्हणणारे तोतये उभे राहिले. पानिपतानंतर भाऊसाहेबांचं जे झालं तेच. आणि गंमत बघा, सदाशिवरावभाऊंचे वडील चिमाजी आप्पा. त्यांच्या फौजेने 1739 मध्ये वसईचा जो बुरूज सुरुंगाने उडवून वाट केली, तो सेबास्टियनचाच बुरूज. नाव संताचं, राजाचं नव्हे. पण राजाचं नावही त्याच संतावरून. लिस्बनजवळ बेलेंच्या मठात सेबास्तियांवची कबर दगडी हत्तींच्या पाठीवर आहे आणि तिच्यावर कोरलंय, "बातमी खरी असेल तर" इथे तो आहे. कबरीवर एवढी सावध भाषा मी दुसरीकडे वाचली नाही.

मग गादीवर आला त्याचा चुलत-आजोबा, कार्डिनल हेन्रिक, वय 66. ब्रह्मचारी धर्मगुरू. वंशासाठी लग्न करायची परवानगी त्याने पोपकडे मागितली, मिळाली नाही, आणि 31 जानेवारी 1580 ला, आपल्या 68 व्या वाढदिवशी, तो वारला. मानुएलच्या घराची गादी फिलिपने घेतली. तोच, साटंलोट्यातला जावई. त्याची आई मानुएलची मुलगी, म्हणून हक्क सांगितला आणि पाठीशी फौज ठेवली. पुढची साठ वर्षं गोवा, वसई, चौल या सगळ्यांचा राजा स्पेनचा होता. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान बघायला गेलात तर लक्षात ठेवा, ती त्याच काळात उभी राहिली.

त्याच 1580 साली गोव्यात आणखी एक गोष्ट झाली. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य 1568 मध्ये वारला होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला औषध देणारा, मुंबई बेट पट्ट्याने घेऊन तिथे बाग करणारा. त्याचे आईबाप त्या 1497 च्या बाप्तिस्म्यातले. वर्षभरात त्याच्या बहिणीला धर्मसभेने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. घरात गुप्तपणे ज्यू धर्म पाळतात, हा आरोप. इझाबेलच्या लग्नाची अट ती. लग्न एक वर्ष टिकलं, अट त्र्याऐंशी वर्षांनी गोव्यात वसूल झाली.

म्हणून घरचे राजे कमी पडले का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हे मला परके वाटतच नाहीत. यांच्या बैठकीतल्या शब्दाने आमच्या अंगणात माणसं जळली.

राहिली शेवटची सोयरीक. मानुएलची एक नात, तीही कातारिना, ब्रागांसा घराण्यात दिलेली. 1580 मध्ये तिचाही गादीवर हक्क होता, फिलिपपुढे चालला नाही. तिचा नातू 1640 मध्ये स्पेनला झुगारून चौथा जुआंव म्हणून राजा झाला. स्पेन गप्प बसेना, मदतीला इंग्लंड हवं. म्हणून 1661 च्या तहाने त्याची मुलगी इंग्लंडच्या राजाला, दुसऱ्या चार्ल्सला दिली, तीही कातारिनाच. आंदण म्हणून रोख वीस लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), आफ्रिकेतलं तांजिएर आणि मुंबई.

शाळेची सहल गेटवेला नेली होती तेव्हा हे सांगितलं. सातवीतली एक मुलगी बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे बाई, मुंबई मुलीकडच्यांनी दिली?"

हो म्हटलं.

"मग तिला मूलबाळ?"

नाही झालं. नवरा गेल्यावर ती माहेरी, लिस्बनला परत गेली.

"आणि मुंबई?"

तेवढ्यात बसवाल्याने हॉर्न वाजवला आणि सगळी पोरं पळाली.