सावलीच्या मागावर: भर उन्हाळ्यातल्या टॉपवॉटर बासची वही

यंदा एकच ठरवलं होतं. उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ आठवडे लार्जमाउथ बास (मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा) गरवायचा तो फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर. डब्यातली बुडणारी आमिषं सगळी बाहेर काढून ठेवली. आत उरली फक्त पृष्ठभागावर चालणारी, म्हणजे टॉपवॉटर आमिषं: दोन वॉकिंग बेट, तीन पॉपर (झटका दिला की 'टुप' आवाज करणारे), एक बझबेट (फिरत्या पात्याने पाणी खळबळवणारं), चार पोकळ रबरी बेडूक आणि रात्रीसाठी एक जिटरबग. दर खेपेला वहीत नोंदी केल्या: वेळ, पाण्याचं तापमान, वारा, सावली कुठे होती, फटके (माशाने आमिषावर घातलेली झडप) किती बसले, मासे हाताशी किती आले. त्या नोंदींमधून जे दिसलं ते इथे लिहितोय.

आठवडा १ आणि २

सुरुवात सगळे करतात तशीच केली. उजाडायच्या आधी तळ्यावर, थेट पाणगवताने भरलेल्या उथळ कोपऱ्यात. पहाटे साडेपाचला पाणी २८ अंश सेल्सिअस, वारा शून्य. मनात धरून चाललो होतो की पहिल्या दहा फेकींतच पाणी फुटणार. चार पहाटा गेल्या, फटके फक्त तीन, तेही अर्धवट. मासा आमिषामागे वर यायचा, पाण्यात भोवरा उठायचा आणि परत खाली.

तिसऱ्या पहाटे एक गोष्ट लक्षात आली. गवताच्या कडेला बारीक मासे पृष्ठभागाला तोंड लावून पाणी ओढत होते. तिथे मला कारण सापडलं. पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्रभर स्वतःच तो वापरतात. म्हणून दाट गवतातल्या पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका सूर्योदयाच्या सुमारास. त्यात गरम पाण्यात तो मुळातच कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला जेमतेम साडेसात. मी ज्या वेळेला आणि ज्या जागेला सोनं समजत होतो, तिथला मासा धापा टाकत होता.

मग पहाटेची जागा बदलली. गवताचा कोपरा सोडून तळ्यात शिरलेल्या दगडी टोकावर गेलो. तिथे रात्रीपासून हलका वारा लागत होता आणि लाटा दगडांवर आपटत होत्या. पाणी तितकंच गरम, पण हलतं. पहिल्याच सकाळी सात फटके, चार बास. गवताच्या कोपऱ्यात आता मी साडेआठ-नऊच्या आधी जातच नाही. ऊन पडून वनस्पतींचं काम सुरू होऊ द्यायचं.

बरेच जण सांगतात की उन्हाळ्यात बास थंडाव्यासाठी खोल तळाशी जातो, वर वेळ घालवण्यात अर्थ नाही. हे अर्धंच खरं आहे. काही बास खोलवर जातात, पण उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात. वरचं गरम पाणी आणि खालचं थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, आणि तळाच्या थरातला प्राणवायू कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात संपत जातो. त्यामुळे थंड पाणी असूनही तिथे राहण्याजोगी हवा नसते. शिवाय बास थंड रक्ताचा, पाणी तापलं की त्याचं शरीर जास्त वेगाने चालतं आणि त्याला जास्त खावं लागतं. भुकेला बास वरच्या थरात असतो, फक्त कुठेही नसतो.

आठवडा ३

हा पूर्ण आठवडा हाताच्या सरावात गेला आणि मला त्याचा सगळ्यात जास्त आनंद आहे.

वॉकिंग बेट म्हणजे विडीसारखं लांबट, जीभ किंवा पंखा काहीही नसलेलं आमिष. त्याला स्वतःची हालचाल नसते, ती मनगटातून द्यायची असते. हेडनचा झारा स्पूक १९३९पासून याच जोरावर टिकून आहे. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, अशी त्याची नागमोडी चाल नीट जमली की पृष्ठभागावर घाबरलेला मासा पळतोय असं हुबेहूब वाटतं.

मला दोन वर्षं ती चाल सलग वीस फुटांपुढे ठेवता येत नव्हती. चूक आता कळली. मी आमिष ओढत होतो. ओढायचं नाही, ढिल्या लाइनला (गळाच्या दोरीला) टिचकी द्यायची. रॉडचं टोक पाण्याकडे झुकवायचं, छोटा झटका द्यायचा आणि लगेच टोक आमिषाच्या दिशेने परत न्यायचं, म्हणजे लाइन पुन्हा सैल पडते. आमिष वळतं ते त्या सैल क्षणात. लाइन ताणलेली राहिली तर ते सरळ रेषेत घसटत येतं. रीळ फक्त सैल पडलेली लाइन गोळा करायला फिरवायचं, झटक्याच्या तालात.

लाइनही चुकीची होती. मी वापरत होतो ते फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बरंच जड, ते बुडतं आणि आमिषाचं नाक खाली ओढतं. आता ३० पाउंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी) ब्रेड, विणलेली लाइन, वापरतो, ती तरंगते. पण ब्रेड फार मऊ असल्याने पुढच्या तिहेरी गळाला गुंडाळली जायची, म्हणून टोकाला हातभर जाड नायलॉन जोडलं. गाठ घट्ट न मारता फासाची सैल गाठ मारली, त्याने नाक मोकळं फिरतं. एवढ्या दोन बदलांनी चाल ४०-५० फूट सलग राहायला लागली. आधी दगडी टोकावर मिळणारे अर्धवट भोवरे त्यानंतर पूर्ण फटक्यांत बदलले.

आठवडा ४ आणि ५: दुपार

पहाट सोडून मुद्दाम दुपारी जायला लागलो, अकरा ते तीन. पाणी ३१ अंश. सोबतच्या मित्राला पटत नव्हतं. "अरे, या वेळेला वर कोण येणार?" पण तोपर्यंतच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसत होती. सकाळी उशिरा मिळालेला प्रत्येक बास सावलीच्या कडेवरचा होता. धक्क्याची सावली, झुकलेल्या झाडाची, बुडालेल्या ओंडक्याची. सूर्य जितका वर, तितकी सावली लहान, आणि तेवढ्याशा सावलीत मासे दाटीवाटीने. बासला पापण्या नाहीत. अंधारात बसून उजेडातल्या भक्ष्यावर झडप घालणं त्याला फार सोयीचं पडतं.

भर दुपारी सगळ्यात मोठी सावली कसली? पाणगवताच्या चादरीची. वरून घट्ट हिरवं जाजम दिसतं, पण खाली खोड विरळ असतात आणि मध्ये मोकळी अंधारी खोली तयार होते. उन्हात वनस्पतींचं काम जोरात, म्हणून प्राणवायूही पहाटेपेक्षा जास्त. पहाटे ओसाड असलेला तोच कोपरा दुपारी भरलेला असतो.

तिथे आमिष एकच चालतं, पोकळ बेडूक. त्याचे दोन गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे गवतात अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. लाइन ६५ पाउंडी ब्रेड, रॉड सात फुटी आणि ताठ. हे प्रमाण अघोरी वाटतं, पण दीड किलोच्या बाससोबत दोन-तीन किलो गवतही ओढून आणायचं असतं.

चौथ्या आठवड्यात बेडकावर ११ फटके आले आणि हाताशी २ मासे. हा हिशोब वहीत लिहिताना फार जड गेलं. पाणी धडाम्‌कन फुटलं की हात आपोआप हिसका द्यायचा आणि बेडूक हवेत उडून यायचा. गवताच्या चादरीतून बास नेम धरून येत नाही. खालून सावली आणि हालचाल जाणवते, अंगाच्या बाजूच्या संवेदनशील रेषेने थरथर कळते, आणि तो अंदाजाने तोंड मारतो. कितीदा तरी पहिल्या फटक्यात फक्त गवत उडतं.

उपाय तीन केले. पहिला, फटका ऐकला तरी काही करायचं नाही, लाइनवर वजन जाणवेपर्यंत थांबायचं आणि मग पूर्ण अंगाने हिसका द्यायचा. हे लिहायला सोपं आहे. हाताला वळण लागायला मला सहा खेपा लागल्या. दुसरा, बेडकाचे रबरी पाय असमान कापले. एक पाय दोन सेंटिमीटर आखूड केला की बेडूक एका जागी डावा-उजवा डोलतो आणि गवतातल्या भोकावर जास्त वेळ थांबवता येतो. तिसरा, गळ पक्कडीने अगदी किंचित बाहेर वाकवले. पाचव्या आठवड्यात ९ फटके, ६ मासे.

एक गोष्ट बेडूकवाल्यांसाठी खास. फटका हुकला तर बेडूक तिथेच सोडा, हलवू नका. मनात पाच मोजा, मग एकच बारीक थरथर द्या. माझ्या त्या सहापैकी दोन मासे दुसऱ्या फटक्याचे आहेत.

आठवडा ६

उष्णतेची लाट. चार दिवस वारा पडलेला, पाणी आरशासारखं, दुपारी ३३ अंश. दगडी टोक मेलेलं. वॉकिंग बेटच्या आवाजाने मासे उलट दूर पळताना दिसत होते. बझबेट तर डब्यातून बाहेरही काढलं नाही.

अशा पाण्यात छोटा पॉपर हेच उत्तर निघालं, आणि तोही जवळजवळ न हलवता. झुकलेल्या झाडाखाली फेकला की पडल्याची वर्तुळं पूर्ण विरेपर्यंत थांबायचं. शांत पाण्यात याला वीस-पंचवीस सेकंद लागतात आणि ती फार लांब वाटतात. मग एक हलका 'टुप', पुन्हा वर्तुळं विरेपर्यंत शांत. शेवटच्या तिहेरी गळाला बांधलेलं पीस तेवढ्या वेळात आपोआप श्वास घेतल्यासारखं हलत राहतं. झाडावरून किडे पडत होतेच, त्यांच्यात माझा पॉपर मिसळून गेला.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला फटका आला तो आवाजाशिवाय. पॉपर होता आणि मग नव्हता, एवढंच. हातात हलकी लाइन होती, १० पाउंडी नायलॉन. मासा दोनदा ओंडक्याकडे गेला, तीनदा हवेत उसळला. बाहेर काढला तेव्हा काटा पावणेतीन किलोवर थांबला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा टॉपवॉटर बास.

मी फोटो काढले. एक नीट आला नाही म्हणून दुसरा, मग मित्राच्या फोनवर आणखी दोन. सोडला तेव्हा तो खाली गेला, मला वाटलं ठीक आहे. परत निघताना अर्ध्या तासाने तोच मासा झाडाच्या पलीकडे पोट वर करून तरंगताना दिसला.

त्या दिवसाच्या नोंदीत मी बाकी काही लिहिलं नाही. दोष संपूर्ण माझा होता. तापलेल्या पाण्यात माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि मिळतो कमी. त्यात हलक्या लाइनवर मी त्याला लांबवत दमवला आणि मग जेव्हा त्याला श्वासाची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा हवेत धरून ठेवला.

आठवडा ७ आणि ८

त्यानंतर सामान बदललं. पॉपरलाही आता २० पाउंडी ब्रेड; मासा एका मिनिटाच्या आत हाताशी आला पाहिजे. सगळ्या गळांचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले. मला भीती होती की मासे सुटतील. लाइन ताणलेली ठेवली तर फारसा फरक पडत नाही, आणि गळ पाण्यातल्या पाण्यातच दोन सेकंदांत निघतो. मासा बाहेर काढलाच तर माझा स्वतःचा एक श्वास रोखून धरतो. मला सोडावासा वाटला की त्यालाही पाण्यात सोडायचं. हात आधी ओले. आणि दुपारी पाणी ३२ अंशांच्या वर गेलं तर त्या दिवशी गरवणं बंद.

म्हणून या दोन आठवड्यांत रात्रीकडे वळलो. फ्रेड आर्बोगास्टचा जिटरबग १९३८चा, त्याच्या तोंडाला रुंद धातूची पाती असते आणि तो पाण्यावर 'गुडूप-गुडूप' करत डोलत येतो. रात्री त्याच्याशी खेळायचं नाही. एकाच संथ वेगाने ओढायचं, म्हणजे अंधारात माशाला नेम धरता येतो. रंग काळा, कारण खालून पाहताना आकाशासमोर काळीच आकृती ठळक दिसते. बॅटरी पाण्यावर मारायची नाही. हिसका आवाजावर नाही, वजनावर. बेडकाने लावलेलं वळण इथे जसंच्या तसं कामी आलं. पाच रात्रींत १३ फटके, ९ मासे, सगळे सोडल्यावर जोरात शेपटी मारून गेलेले.

आठवडा ९

शेवटची खेप. रात्री पाऊस शिंपडून गेला होता, पाणी २७ अंशांवर उतरलेलं, आभाळ भरलेलं. सावली सगळीकडेच, त्यामुळे मासेही पांगलेले. झाडं आणि गवत सोडून मोकळ्या पाण्यावर वॉकिंग बेट चालवलं आणि सकाळभर कुठेही फटके येत राहिले. दहाच्या सुमारास ढग फाटले, ऊन पडलं, आणि पंधरा मिनिटांत मोकळं पाणी गप्प झालं. होडी वळवून धक्क्याच्या नुकत्याच उमटलेल्या सावलीच्या रेषेवर आमिष टाकलं. तिसऱ्या वळणाला पाणी फुटलं. दीड किलोचा बास, पाण्याबाहेर न काढताच सोडला, फोटो नाही.

पुढच्या हंगामासाठी वॉकिंग बेटचे तिहेरी गळ काढून एकेरी लावून पाहायचे आहेत. चाल बिघडते का, हा प्रश्न आहे. मागच्या गळाचं वजन कमी झालं की नाक खाली बसतं अशी मला शंका आहे. कोणी हे केलं असेल तर कुठल्या आकाराचे एकेरी गळ बसवले ते नक्की सांगा.