कानामागचा रंग

आज बीए तिसऱ्या वर्षाच्या राज्यशास्त्राच्या चाचणीला एक पोरगी धापा टाकत आली. डोळे लाल, कानामागे मेकअपचा पिवळसर पट्टा तसाच. वडसा भागातल्या एका गावात रात्रभर नाटकात होती. पहाटे पडदा पडला अन् काळीपिवळीत बसून ती थेट कॉलेजात. (पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी हेच. मंडईची जत्रा असो की शंकरपटातली बैलांची शर्यत, रात्री नाटक आलंच.) पेपरात पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती होती. बायकांना एक तृतीयांश आरक्षण, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा, सगळं लिहिलं तिनं. नाटकात सरपंचीणच होती म्हणे!

जाताना हळूच म्हणाली, "मॅडम, मले पिक्चरमंदी जायचं हाय. बाबा म्हनते, मंग राज्यशास्त्र कायले शिकली?"

मी अभिनेत्री सोहा अली खानचं सांगितलं. ऑक्सफर्डला इतिहास, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंतरराष्ट्रीय संबंध, मग बँकेत नोकरी आणि २००४ मध्ये सिनेमा. तिची आई शर्मिला टागोर, हेही सांगितलं. ते लपवून कसं चालेल? आपल्या पोरीच्या हाताशी पहाटेची काळीपिवळी तेवढी आहे. पण सरपंचीण उभी करताना तिला पुस्तक कामी आलं, हे तिच्या उत्तरात स्पष्ट दिसत होतं. रविवारी तिच्या बाबांना भेटायला जाणार आहे.