मावशीचं माहेर

बरी सेंट एडमंड्सच्या स्टेशनातून बाहेर पडले आणि साखर कारखान्याचा वास आला. सांगलीत वाढलेल्या माणसाला गळिताच्या दिवसांतला हा वास झोपेतही ओळखता येतो. इथे ऊस नाही, बीट. त्यामुळे वासात ओल्या मातीचीही भर. पण चिमणीतून वर जाणारी ती पांढरी वाफ तीच, आणि ‘कसला वास? आम्हाला नाही येत’ अशा चेहऱ्याने फिरणारे गावकरीही तेच.

मुलाकडे केंब्रिजला आले की दुपारी मला घरात बसवत नाही. तो आणि सून आपापल्या लॅपटॉपशी बोलत असतात आणि मी पेला जरी ठेवला तरी त्यांच्या मीटिंगमध्ये ऐकू जातो. मग मी आगगाडीत बसते. तासाभराच्या आत हे गाव येतं. बुधवार-शनिवार बाजार. मध्ये पडक्या मठाचे अवशेष, त्यात लोक डबे खात बसलेले. पंधरा फूट लांब नि सात फूट रुंद असा एक पब आहे. त्याच्या छताला वाळलेलं मांजर टांगलंय. का, ते विचारण्याइतकं माझं इंग्रजी धीट नाही.

मला जायचं होतं थिएटर रॉयलला. वेस्टगेट स्ट्रीटवर, दारूच्या भट्टीच्या शेजारी. म्हणजे तिथे बीटाचा वास मागे पडतो आणि शिजलेल्या सातूचा सुरू होतो. विल्यम विल्किन्स नावाच्या माणसाने १८१९ साली हे नाट्यगृह बांधलं. लंडनची नॅशनल गॅलरीही पुढे त्यानेच बांधली. वर्षभर नाटकं करण्याइतकं गाव मोठं नव्हतं. शरद ऋतूत इथे मोठी जत्रा भरायची, तेवढ्या आठवड्यांपुरती नॉरिचची नाटकमंडळी यायची, आणि जत्रा उठली की बोऱ्याबिस्तरा आवरून पुढच्या गावी जायची. हे कुणा सांगलीकराला समजावून सांगायला नको.

पुढे सिनेमा आला. नाट्यगृह भट्टीवाल्या ग्रीन किंग कंपनीने आधीच विकत घेतलं होतं, ते १९२५ साली बंद केलं आणि आत रिकामी पिपं रचली. गावातला साखर कारखाना सुरू झाला तोही १९२५ सालीच. याचा अर्थ काही लावता येईल का, म्हणून मी चहा घेता घेता बराच विचार केला. नाही लावता आला.

चाळीस वर्षं पिपं राहिली. पण पिपांमुळेच वास्तू टिकली. रिकामी राहिली असती तर कुणीतरी पाडून तिथे गाड्या लावल्या असत्या. १९६५ साली पडदा पुन्हा वर गेला.

आता मावशी. याच रंगमंचावर २९ फेब्रुवारी १८९२ रोजी ब्रँडन थॉमस यांच्या ‘चार्लीज आंट’चा पहिला प्रयोग झाला. आपली ‘मोरूची मावशी’ ती हीच. ऑक्सफर्डमधल्या दोन पोरांना पोरींना जेवायला बोलवायचंय, त्यासाठी घरात कुणी वडीलधारी बाई हवी, खरी मावशी वेळेवर पोचत नाही, मग मित्रालाच झगा चढवायचा. इथून नाटक लंडनला गेलं आणि तिथे सलग १,४६६ प्रयोग झाले. अत्र्यांनी ते मराठीत आणलं तेव्हा फार काही बदलावं लागलं नसणार. पोरांना भेटायचंय आणि मधे वडीलधारी बाई हवी, ही अडचण आपल्याकडे आयतीच होती.

आमच्या कारखान्याच्या कॉलनीत गणपतीत ही मावशी झाली होती. मावशी म्हणजे कॅश विभागातले एक काका. नऊवारी माझ्या आजीची, काष्टाही आजीनेच घालून दिलेला. नाटकभर लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होते आणि आजी पहिल्या रांगेत ताठ बसून फक्त काष्ट्याकडे बघत होती. दुसऱ्या अंकात काका सोफ्यावरून उडी मारून पळाले, तेव्हा आख्ख्या मंडपात ती एकटीच ‘अगं बाई’ म्हणाली. काष्टा सुटला नाही. घरी आल्यावर नाटक कसं झालं विचारलं तर म्हणाली, “टिकला.” दुसऱ्या दिवशी पगार घ्यायला गेलेल्या लोकांना म्हणे काकांकडे बघून सही करता येईना.

बाईचं काम करणाऱ्या पुरुषाबद्दल माझं एक खूळ आहे. विनोदी नाटकात तो बाई वाटता कामा नये. आतला गडी दिसलाच पाहिजे. मनगटावरचे केस, पदराखालून डोकावणारी ढांग. विजय चव्हाणांची मावशी नाचायला लागली की तो दांडगा देह लपत नसे, म्हणून तर मजा. इंग्रजांना हा प्रकार नवा नाही. दर नाताळला त्यांच्या पँटोमाइममध्ये कुणीतरी बाप्या झगा घालून म्हातारी होतोच. पण अत्र्यांच्या प्रेक्षकांनी बालगंधर्व पाहिले होते. आमच्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. त्यांचं पाहून बायका साडी कशी नेसावी ते शिकल्या. ज्यांनी पुरुषाला इतकी देखणी बाई होताना श्वास रोखून पाहिलं, तेच लोक मावशीच्या ढांगांना हसले, तेव्हा ते नक्की कुणाला हसत होते? मला वाटतं, त्या हसण्यात थोडी सुटका होती. पण हे नाट्यशास्त्रवाल्यांनी बघावं. माझी आजी दोन्हींकडे नऊवारीच बघायची.

थिएटरमध्ये एक स्वयंसेवक आजीबाई आम्हा चार-पाच जणांना फिरवत होत्या. प्रेक्षागृह आपल्या भावे नाट्यमंदिरापुढे बाहुलीचं घर. छतावर आकाश रंगवलंय, ढगांसकट. मी त्यांना सांगितलं की इथली मावशी आमच्याकडे मराठी बोलते. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, “आणि अजून चालते?” मी जोरात हो म्हटलं. सध्या कुठे प्रयोग लागलाय की नाही, याची खात्री न करता.

१९७५ साली हे नाट्यगृह नॅशनल ट्रस्टने ९९९ वर्षांच्या कराराने घेतलं, असं त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मला मात्र कोल्हापूर आठवलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकामागून एक व्हिडिओ येत होते आणि एरवी प्रत्येक गोष्टीला अंगठा दाखवणारी माणसं गप्प होती. आजीबाईंना मी हे सांगितलं नाही. त्या पुढे निघून गेल्या होत्या, पडद्याच्या दोऱ्यांविषयी बोलत.

परतीच्या गाडीत हिशोब करत बसले. मावशीचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. १९०० साली तर फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा होता, म्हणजे बिचारीचा आठ वर्षं झालाच नसेल. पुढचा २०२८ मध्ये. त्या दिवशी इथे यावं असं मनात आलं. फोनवर पाहिलं तर मंगळवार. मंगळवारी नाटकाला कोण जातं? पहिला प्रयोग सोमवारी झाला होता म्हणा.