११६ फ्रेम आणि दोन सेकंदांची चोरी

सापडलं एकदाचं! रात्रभर एकामागून एक फ्रेम काढायच्या आणि त्या एकत्र करून ध्रुवाभोवती ताऱ्यांच्या सलग रेषा उमटवायच्या, हा माझा छंद. त्यात तीन आठवडे डोकं खाल्लेल्या तुटक रेषांचं कारण परवा रात्री घरातच, लेन्सला टोपण लावून सापडलं.

पौष अमावास्येला अकोले तालुक्यातल्या एका शेतात गेलो होतो, आंब्याच्या झाडापाशी. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. तो झाडाच्या शेंड्यावर टेकवायचा म्हणजे झाडाच्या उंचीच्या जवळजवळ तिप्पट मागे सरकावं लागतं, आणि तिथे नेमका बांध. पायऱ्यांसारखे दगड रचून ट्रायपॉड उभा केला. लडाखमधल्या हानलेला ध्रुव ३२-३३ अंशांवर असतो, तिथल्या लोकांची मोठमोठी पूर्ण वर्तुळं बघून जळायचं नाही असं ठरवलंय.

दव धरू नये म्हणून लेन्सभोवती गुंडाळायचा गरम पट्टा मात्र वसूल! पॉवर बँकेवर रात्रभर चालला, ट्रायपॉडच्या नळ्यांवरून पाणी ओघळत होतं आणि लेन्स कोरडी ठणठणीत. मोज्यात गरम पुड्या कोंबायचे दिवस संपले.

सेटिंग नेहमीचं: ११ मिमी, एफ २.८, आयएसओ १६००, शटर ३० सेकंद उघडं. रिमोटवर इंटरव्हल ३१, म्हणजे दर ३१ सेकंदांनी एक इशारा. शर्मिष्ठा तारकासमूह वायव्येला कलत होता, सप्तर्षी वर येत होते, मी चहा पीत होतो. स्क्रीनवर एकेक फ्रेम छान दिसत होती.

घरी येऊन स्टारस्टॅक्समध्ये (फ्रेम एकावर एक रचून रेषा बनवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. ध्रुवाजवळची वर्तुळं गुळगुळीत, आणि बाहेर जावं तसतशी प्रत्येक रेष म्हणजे शिवणयंत्राची टीप. टाका, फट, टाका, फट. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंदच होतं (ते चालू असलं तर कॅमेरा प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ एक काळी फ्रेम घेत बसतो). मग कार्डावर संशय घेतला. दुकानदाराने ‘जुनं कार्ड रॉ लिहायला दम घेतं’ असं ठासून सांगितलं, मीही मान डोलावून नवं घेतलं. गॅलरीत उभं राहून पुन्हा टिपलं, पुन्हा टीप. पैसे गेले.

खरा पुरावा पहिल्या दिवसापासून समोर होता. दोन तासांचे ७२०० सेकंद, भागिले ३१, म्हणजे २३२ फ्रेम हव्या होत्या. कार्डावर ११६. बरोब्बर निम्म्या! फायलींच्या वेळा बघितल्या तर दर दोन फ्रेममध्ये ६२ सेकंद.

मग टोपण लावून, मोबाइलचं स्टॉपवॉच धरून शटरचे आवाज ऐकत बसलो. उघडलं... बंद झालं. ३२ सेकंद! पुन्हा ३२. कॅमेऱ्यातली वेळ दुपटीने वाढते: १, २, ४, ८, १६, ३२. आपल्याला वाचायला सोपं जावं म्हणून डायलवर १५ आणि ३० लिहितात. म्हणजे रिमोट ३१व्या सेकंदाला बटण दाबायचा तेव्हा शटर अजून उघडंच असायचं. कॅमेरा तो इशारा सरळ गिळून टाकायचा आणि पुढच्याची वाट बघत ३० सेकंद आकाश फुकट घालवायचा. आधी मी २० सेकंदांवर २१चा इंटरव्हल लावायचो आणि सगळं बिनबोभाट चालायचं, म्हणून इकडे संशयच गेला नाही.

आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). माझ्या सेन्सरवर ११ मिमीला ३० सेकंदांची फट आकाशातल्या विषुववृत्ताजवळ (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोब्बर वरची रेघ) साधारण सहा पिक्सेलची होते, ध्रुवाकडे आक्रसत जाते. म्हणून मधली वर्तुळं शहाण्यासारखी दिसत होती. एका सेकंदाची फट एका पिक्सेलचा पाव भागसुद्धा नाही, ती कुणाच्या बापाला दिसत नाही.

स्टारस्टॅक्समधलं फटी बुजवणारं गॅप फिलिंग वापरून बघितलं. ते बारीक फटींसाठी ठीक आहे, इथे मणी फुगवून ठेवले त्याने. फोटोशॉपमध्ये प्रत्येक फ्रेम ध्रुवाभोवती अष्टमांश अंशाने फिरवून रिकाम्या जागी बसवली. मध्यावर सुरेख जुळलं, पण कोपऱ्यांत या वाइड लेन्सने आकाश असं ताणलंय की रेषा दुहेरी झाल्या. तिथे हात टेकले. शेवटी ध्रुवाभोवतीचा भाग कापून निम्म्या आकाराचा केला. मोबाइलवर चालून जाईल, भिंतीवर नाही. विमानं मात्र स्टॅक करण्याआधी त्या त्या फ्रेमवर काळ्या ब्रशने पुसली, ते काम झकास जमलं.

पुढच्या वेळी रिमोटवर ३३. खरं तर रिमोटच नको, सलग शूटिंगवर ठेवून बटण लॉक करावं, असं आता लिहिताना वाटतंय. त्यात मोजायचंच काही नाही. दोन्ही करून बघतो.

माघ अमावास्येला पुन्हा आंबा आणि ध्रुव असा बेत होता, तोही बदलतो. आदल्याच रात्री महाशिवरात्र, त्यामुळे देवळं असलेले गड बादच, तिथे बॅटऱ्यांचा महापूर असणार. पश्चिमेला उघडा माळ शोधतोय. मृग नक्षत्र अकरानंतर खाली उतरू लागेल. त्याच्या बाणातल्या, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांपैकी, उत्तरेकडचा तारा जवळजवळ विषुववृत्तावर आहे, त्याची रेष सरळ जाते आणि दोन्ही बाजूंच्या रेषा उलट-सुलट वाकतात. फट राहिलीच तर तिथेच सगळ्यांत आधी दिसेल.