एडीएचडी असलेल्या मुलाला खेळायला का घेत नाहीत, आणि त्यावर काय करता येतं

लपंडाव रंगात आलेला असतो. राज्य कुणावर, कुठवर लपायचं, सगळं ठरलेलं. नऊ वर्षांचा एक मुलगा धावत येतो आणि "मी पण!" म्हणत थेट डावात घुसतो. लपलेला गडी कुठे आहे ते उत्साहाच्या भरात ओरडून सांगतो. दोन मिनिटांनी "हे नको, पकडापकडी खेळू" म्हणतो, आणि स्वतःवर राज्य आलं की चिडून निघून जातो. यात खोडसाळपणा कणभरही नसतो, पण बाकीच्यांचा डाव मोडलेला असतो. असं चार-पाच वेळा झालं की तो येताना दिसताच मुलं सांगतात, "आता नवीन भिडू घेत नाही."

याच मुलाला घरी शांतपणे विचारा, चालू खेळात शिरायचं तर काय करायचं? तो बरोबर सांगेल. आधी बघायचं, मग विचारायचं, राज्य आलं तर घ्यायचं. नियम पाठ असतात, ऐन वेळी हाताशी येत नाहीत. मनात आलेलं क्षणभर रोखून धरायचं, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि खेळाचा नियमही डोक्यात ठेवायचा, अशी तीन कामं एकाच वेळी करावी लागतात, आणि एडीएचडीत, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं मेंदूच्या जडणघडणीमुळेच अवघड जातं त्या अवस्थेत, नेमकी तीच जड जातात. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत की माहिती असते, ती वेळेवर वापरता येत नाही. म्हणून "किती वेळा सांगितलं तुला" हे वाक्य वाया जातं. सांगितलेलं त्याला आठवतं, पण भांडण होऊन गेल्यावर.

ज्या मुलांमध्ये चंचलता दिसत नाही, फक्त लक्ष टिकत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. यात मुली बऱ्याच असतात आणि त्यांचं निदानही उशिरा होतं. त्या कुणाला त्रास देत नाहीत. मैत्रीण काहीतरी मनातलं सांगत असते आणि हिचं लक्ष मधेच कुठेतरी गेलेलं असतं. विनोद सगळ्यांना कळतो, हिला एक क्षण उशिरा. भांडण होत नाही, कट्टी होत नाही, फक्त हळूहळू कुणी बोलवेनासं होतं. शाळेतून तक्रार येत नसल्यामुळे हे एकटेपण मोठ्यांच्या लक्षातच येत नाही.

नाव खराब व्हायला लागणारा वेळ फार थोडा असतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात उन्हाळी शिबिरात एकमेकांना न ओळखणारी मुलं एकत्र आणली होती. एडीएचडी असलेल्या मुलांबद्दल बाकीच्यांचं मत पहिल्या दिवशीच प्रतिकूल झालं. आणि एकदा झालेलं मत सहजी बदलत नाही. मुलगा सुधारला तरी जुनी मुलं त्याच्या चुकाच मोजतात. म्हणून मला वाटतं, सगळा भार मुलावर टाकून "तू बदल, मग मित्र मिळतील" म्हणणं अन्यायाचं आहे.

सामाजिक कौशल्यांचे वर्ग लावावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. वैद्यकीय प्रयोगांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ५ ते १८ वयोगटातल्या मुलांवरचे असे प्रयोग तपासले गेले, आणि या वर्गांमुळे फायदा होतो असं म्हणायला पुरेसा आधार मिळाला नाही. कारण वरच आलं आहे. वर्ग वेगळ्या खोलीत, वेगळ्या दिवशी होतो आणि अडचण मैदानावर येते. मदत द्यायची तर जिथे अडतं तिथे आणि तेव्हाच द्यावी लागते.

त्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे घर, आणि सोबतीला एकच मित्र. दोघे पाहुणे बोलावू नका. तिघांत दोघांची जोडी जमते आणि तिसरं बहुधा आपलंच मूल असतं. पहिल्या भेटी तासाभराच्या ठेवा. खेळ आधी ठरवा, आणि तो असा निवडा की दोघांचे हात सतत कामात राहतील: एकत्र काही बांधणं, चित्र रंगवणं, चेंडू. पाळीची वाट पाहायला लावणारे आणि हरजीत असलेले लांब खेळ सुरुवातीला नकोत. व्हिडिओ गेमही नकोत, कारण तिथे दोघं शेजारी बसून आपापल्यापुरतंच खेळतात. मुलाला जिवापाड आवडणारं खेळणं आधीच कपाटात ठेवा, त्यावरून हमखास वाजतं.

पाहुणा येण्याच्या पाच मिनिटं आधी एकच गोष्ट ठरवा, जसं "आज पहिला खेळ त्याला निवडू द्यायचा." एकच, तीन सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. दोघांत एक खूण ठरवून ठेवा. खांद्यावर हात ठेवला की थांबून समोरच्याकडे बघायचं. तुम्ही शेजारच्या खोलीत राहा, कान इकडे ठेवा. आवाज चढायला लागला की भांडण होण्याआधीच खायला द्या किंवा खेळ बदला. पाहुण्यासमोर रागावू नका. आणि मजा चालू असतानाच भेट संपवा, अजून खेळायचंय असं दोघंही म्हणत असताना. बहुतेक घरी इथेच चुकतं. छान चाललंय म्हणून वेळ वाढवतात, मूल थकतं, आणि शेवटच्या दहा मिनिटांतलं भांडणच पाहुणा घरी घेऊन जातो.

मित्र कोण निवडायचा? वर्गातला सगळ्यांचा लाडका नको. शांत, सहज न चिडणारा, आवडीनिवडी जुळणारा मुलगा शोधा. वर्षा-दोन वर्षांनी लहान असला तरी चालेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ मध्ये मेंदूच्या वाढीची तुलना केली. मेंदूच्या बाह्य आवरणाच्या निम्म्या भागाला पूर्ण जाडी येण्याचं मधलं वय (निम्मी मुलं त्याआधी, निम्मी त्यानंतर तिथे पोहोचतात) इतर मुलांत सुमारे ७.५ वर्षं होतं, एडीएचडी असलेल्या मुलांत १०.५. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशिरा. मग अकरा वर्षांचा मुलगा नऊ वर्षांच्यात रमला, तर त्याला हसू नका. त्या खेळात तो खरोखर काहीतरी शिकत असतो.

"तुला मित्र किती?" असं मुलालाच विचारून भागत नाही. यांच्यापैकी बरीच मुलं स्वतःला असतात त्यापेक्षा लोकप्रिय समजतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शिक्षकांना नेमकं विचारा: मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो? गट पाडताना शेवटी उरतो का? आणि त्यांना एक विनंती करा की गट मुलांनी निवडू नयेत, शिक्षकांनी पाडावेत, आणि मुलाला जे चांगलं जमतं त्याचा उल्लेख वर्गासमोर व्हावा. शिक्षक ज्याच्यावर सतत ओरडतात त्याच्यापासून मुलंही लांब राहतात.

औषधांबद्दल थोडं. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने दुसऱ्याचं बोलणं मधेमधे तोडणं आणि उतावळेपणा कमी होतो, पण तेवढ्याने मित्र मिळत नाहीत. काही मुलांत औषधाचा असर उतरताना चिडचिड वाढते. ती वेळ बहुधा संध्याकाळची, म्हणजे नेमकी खेळायची. वेळेची नोंद ठेवून डॉक्टरांशी बोला. मात्रा आपल्या मनाने बदलू नका.

किशोरवयात मैदान सुटतं आणि फोन येतो. मेसेज वाचला, उत्तर नंतर देऊ म्हटलं आणि विसरला. समोरच्याला तो माज वाटतो. रागाच्या भरात लिहिलेलं ग्रुपवर गेलं की परत घेता येत नाही, आणि कुणाचं गुपित बोलता बोलता तोंडातून निसटतं. यावर साधे उपाय टिकतात. वाचल्या वाचल्या "वाचलं, रात्री बोलतो" एवढं तरी पाठवायचं आणि तिथल्या तिथे गजर लावायचा. राग आला असेल तर मजकूर नोंदवहीत लिहायचा आणि दहा मिनिटांनी पुन्हा वाचायचा. गुपित सांगू पाहणाऱ्याला "माझ्या तोंडून जाईल, नको सांगूस" असं आधीच म्हणायलाही हरकत नाही. चूक झालीच तर माफी त्याच दिवशी, दोन वाक्यांत: काय केलं आणि आता काय करणार. "मला एडीएचडी आहे म्हणून" हे माफीत आलं की ती सबब वाटते. ते वेगळ्या दिवशी, निवांत सांगावं. कुणाला सांगायचं हेही त्याचं त्यालाच ठरवू द्या.

ज्याला कुणी घेत नाही तो, जे घेतात त्यांच्याकडे जातो. धाडस करून दाखवलं की टाळ्या मिळणाऱ्या टोळीत हा मुलगा सहज ओढला जातो. तिथे नुसती बंदी घालून उपयोग नाही, दुसरं ठिकाण द्यावं लागतं: नाटक, पोहणं, ढोलवादन, गिर्यारोहण, जिथे ठरलेलं काम असतं आणि शाळेतली ओळख पुसलेली असते.

शाळेत जायला नकार, आवडत्या गोष्टींतूनही मन उडणं, "मी नसलो तरी काय फरक पडतो" अशी भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. स्वतःला इजा करण्याचं बोलणं असेल तर त्याच दिवशी, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. एडीएचडीसोबत चिंता आणि नैराश्य वारंवार आढळतं, आणि त्यावर वेगळे उपचार करावे लागतात.