कूलर थंडावा का देतो?

नागपुरात मार्च लागला की घरोघरी कूलर निघतात. म्हणून यंदा सातवीला बाष्पीभवन कूलरपासूनच शिकवायचं ठरवलं. 'अ' तुकडीला गेल्या आठवड्यात नेहमीसारखी आधी व्याख्या, मग प्रयोग. आज 'ब' तुकडीला उलट, आधी अंदाज, मग प्रयोग, व्याख्या सर्वांत शेवटी.

"कूलर थंडावा का देतो?" जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, "पाणी थंड असते म्हणून!"

मग मुद्दाम गच्चीवरच्या टाकीचं तापलेलं पाणी आणवलं. दोन थर्मामीटर, एकाच्या फुग्याला त्याच पाण्यात बुडवलेली सुती चिंधी, दोन्ही पंख्याखाली. कोरडा ३६ वर होता. ओला आधी ३८ वर चढला आणि मग उतरायला लागला. ३३... २८... आकडे वाचणाऱ्या मुलीचा आवाज प्रत्येक वेळी चढत होता. २१ वर थांबला तेव्हा वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती. गरम पाण्यानं गारवा दिला होता! पाण्याची वाफ होताना उष्णता लागते आणि ती आजूबाजूचीच घेतली जाते, हे मला सांगावंच लागलं नाही.

१९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात हेच होतं, मुलांनी करून बघायचं.

'अ' तुकडीनं व्याख्या अचूक लिहिली होती, पण प्रश्न एकही विचारला नव्हता. आज मागच्या बाकावरून आला, "मॅडम, मग पावसाळ्यात कूलर काहून चिपचिप करते?"

दोन्ही थर्मामीटर जपून ठेवलेत. जुलैत हाच प्रयोग पुन्हा, दोन्ही तुकड्यांना एकत्र बसवून.