नुसता आर

परवा दुपारी साड्यांच्या कपाटात तोंड खुपसून मी दोन पानं अशी काही वाचली, की माझी मलाच दाद द्यावीशी वाटली. पंखा बंद, फ्रिज बंद, भंगारवाला नुकताच गल्लीतून गेलेला, पोटसुद्धा गुरगुरलं नाही. हेडफोन काढून बघते तर स्क्रीन कोरी. रेकॉर्डिंग झालंच नव्हतं.

चूक बोटाची. इतकी वर्षं ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरवर काढली. तिथे 'आर' दाबला की रेकॉर्डिंग सुरू. गेल्या महिन्यात रीपर या तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर आले. इथे कंट्रोल धरून आर दाबायचा. नुसता आर दाबला तर रिपीट चालू नाहीतर बंद होतं, बाकी ढिम्म. ही बटणं आपल्याला हवी तशी लावून घेता येतात, मान्य. पण साठ दिवसांची ट्रायल आहे, आणि भाड्याच्या घरात खिळे ठोकू नयेत, ही आमच्या आईची शिकवण.

मुळात मला बदलायचं नव्हतंच. ऑडॅसिटी 2000 सालापासूनची, फुकट, हाताला बसलेली. पण पुस्तकं वाचण्याची लांबलचक कामं करणारी मैत्रीण हात धुऊन मागे लागली. त्यात रीपर करणाऱ्यानंच पूर्वी विनॅम्प, म्हणजे आम्ही कंप्युटरवर गाणी ऐकायचो ते सॉफ्टवेअर, केलं होतं, हे कळलं आणि माझा विरोध मावळला. कॉलेजचे दिवस आठवले की माणूस कशालाही हो म्हणतो.

बोटं शिकतील. खटकतंय ते वेगळंच. हे सॉफ्टवेअर काही फेकतच नाही. 'चमचा' म्हणताना 'चहा'तला च लागला, की मी ते वाक्य कापते. पूर्वी कापलं, सेव्ह केलं, बंद केलं, की विषय संपला. इथे मात्र कापलेलं फक्त डोळ्यांआड होतं. मूळ फाइल फोल्डरात जशीच्या तशी. तासाला अर्धा जीबी या हिशेबानं माझे सगळे चुकीचे 'च' तिथे सुखानं नांदतायत.

आमच्याकडे चिपळूणला याच्या बरोबर उलट होतं. काका मस्कतला. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून कॅसेट जायची, कुणीतरी जाणारं गाठून. रविवारी जेवणं झाली की बाबा टेपरेकॉर्डर मधोमध ठेवत, दोन बटणं एकदम दाबत आणि आम्हाला डोळे वटारून गप्प करत. आजी ओरडूनच बोलायची, मस्कत लांब म्हणून. "जेवतोस ना रे नीट?" असं विचारायची आणि थांबायची. खरंच थांबायची. टेप फिरतेय, बाबा खुणा करतायत, आणि आजी टेपरेकॉर्डरकडे बघत उत्तराची वाट पाहतेय. मग स्वतःशीच मान हलवून पुढे, "हां. आणि पाऊस आलाय हो इकडे."

दीड-दोन महिन्यांनी तीच कॅसेट परत यायची. काका तिच्यावरच आपलं रेकॉर्ड करून पाठवायचा. त्यात कुठेतरी तो म्हणायचा, "होय गं, जेवतो." पण आजीनं विचारलेलं तोवर पुसलेलं. मग आम्ही पुन्हा काकाच्या आवाजावर बोलायचो. कॅसेटच्या कडेचा तो प्लॅस्टिकचा तुकडा मोडला असता तर पुसता आलं नसतं, पण मग पाठवायला दुसरी आणावी लागली असती. अशा किती रविवारांची ती एकच कॅसेट. शेवटी तिच्यावर कुणीतरी भावगीतं भरली.

काल डिस्क भरत आली म्हणून रीपरचं ते फोल्डर साफ करायला बसले. कुठलीच फाइल वापरात नाही, खुशाल उडवा, असा मामला. उडवण्याआधी एक सहज लावली. माझं खाकरणं. "शी! परत." कुकरची शिट्टी. मग दार वाजल्याचा आवाज, लेकाचं "आई, स्कूटरची चावी?" आणि माझं दबकं "थांब रे, चालू आहे." तो थांबलेला ऐकू येतो; श्वाससुद्धा.

दोन टीबीची डिस्क मागवली आहे. गुरुवारी येईल म्हणतायत.